वाहनातील पिवळा दिवा : अर्थ आणि उपाय

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या मंदिरामुळे आणि उमा-महेश्वर मंदिराजवळील बामणघळीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. भरतीच्या वेळी खडकातील अरुंद घळीत शिरलेले समुद्राचे पाणी उंच उसळते, ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मोटारींची येथे सतत ये-जा असते. गावातील शिक्षक, कर्मचारी आणि व्यापारी यांच्याकडेही आता चारचाकी वाहने आली आहेत. मात्र संगणकीय तपासणीची सोय असलेली मोठी दुरुस्तीकेंद्रे गाठावयाची तर चिपळूणला जाण्यास वळणावळणाचा तास-दीड तासाचा रस्ता, किंवा रत्नागिरीकडे जाण्यास तवसाळहून जयगडची फेरी बोट. अशा ठिकाणी गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की चालकापुढे प्रश्न उभा राहतो : पुढे जावे, की थांबावे ?

या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांनी दिले जाते. काही जण घाबरून गाडी जागच्या जागी उभी करतात व चिपळूणहून टोईंगची गाडी मागवून विनाकारण खर्चात पडतात. दुसरे महिनोन्‌महिने दिव्याकडे दुर्लक्ष करतात. त्यावर काळी पट्टी चिकटविणारे महाभागही प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. रात्री-अपरात्री रुग्णाला किंवा बाळंतिणीला चिपळूणला न्यावयाचे असते तेव्हा गावातील ज्या खाजगी गाडीवर भिस्त असते, तिच्या बाबतीत या दोन्ही चुका महागात पडू शकतात.

दिवा कोण लावतो ?

पूर्वीच्या मोटारीत कार्बोरेटर असे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण त्यात केवळ यांत्रिक रीतीने होई आणि बिघाड ओळखण्याचे काम मिस्त्रीच्या कानावर व नाकावर सोपविलेले असे. आजच्या गाडीत हे काम एक लहान संगणक करतो. आत येणारी हवा, इंजिनाचे तापमान, फिरण्याची गती आणि धुरात शिल्लक राहिलेला प्राणवायू यांची मोजणी निरनिराळे सेन्सर, म्हणजे संवेदक, करीत असतात. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी संगणक क्षणाक्षणाला पेट्रोलची मात्रा बदलतो. एखाद्या संवेदकाचे मोजमाप अपेक्षेबाहेर गेले की तो त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक स्मरणात नोंदवितो आणि दिवा लावतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या दिव्याचा जन्म चालकाच्या सोयीसाठी झालेला नाही, तो हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली व १९९६ पासून तिचे सुधारित रूप संपूर्ण अमेरिकेत लागू झाले. आपल्याकडे भारत स्टेज-४ ची मानके १ एप्रिल २०१० रोजी प्रथम १३ शहरांत आली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. त्या मानकांबरोबरच ही तपासणीही आली. संपूर्ण देशात ती मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. म्हणूनच गाडी उत्तम पळत असतानाही दिवा लागू शकतो. इंजिनाची शक्ती कमी झालेली नसते, पण धूर मात्र मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता निर्माण झालेली असते.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा

चावी फिरविल्यावर हा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. दिवा शाबूत आहे याची ती खूण होय. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो निकामी करून ठेवला असण्याचा संभव आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे अवश्य पाहावे.

चालत्या गाडीत दिवा स्थिर राहिला, गाडीला धक्के बसत नसतील, आवाज व वास नेहमीसारखा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. वेग आवरता ठेवून घर किंवा दुरुस्तीचे ठिकाण गाठता येते. तपासणी काही दिवसांत करून घ्यावी. डिझेल गाडीत कधी कधी दिव्याबरोबर गाडीचा जोर एकदम कमी होतो. इंजिनास इजा होऊ नये म्हणून संगणकानेच ती मर्यादा घातलेली असते. अशा गाडीने कुंभार्ली घाट चढण्याचा हट्ट धरू नये.

दिवा लुकलुकू लागला तर मात्र प्रकार वेगळा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही किंवा इंधन जळत नाही, ज्याला आपले मिस्त्री ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात, त्याची ही खूण आहे. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. सायलेन्सरच्या अलीकडे बसविलेल्या या पेटीत मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार चिनीमातीची वीट असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा असतो. विषारी वायूंचे रूपांतर करणे हे तिचे काम. तेथे पेट्रोल जळू लागले की वीट लाल होते, वितळते व धुराचा मार्गच तुंबतो. वेळीच बदललेल्या स्पार्क प्लगचा खर्च काही शे रुपयांचा. ही पेटी बदलण्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो. तेव्हा लुकलुकणारा दिवा दिसताच वेग कमी करावा, ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये आणि शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबावे.

याच डॅशबोर्डवरचे लाल दिवे या दिव्याशी मिसळू नयेत. तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे. आणखी एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. तापमानाचा लाल दिवा लागल्यास गाडी थांबवावी व रेडिएटरचे झाकण गार होईपर्यंत उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजण्याचा धोका असतो.

कोकणातील कारणे

परदेशी पुस्तकांत या दिव्याचे पहिले कारण म्हणून पेट्रोलच्या टाकीचे सैल झाकण सांगितलेले आढळते. अमेरिकेच्या नियमांत टाकीतून होणाऱ्या वाफेच्या गळतीची तपासणी अंतर्भूत असल्याने ते तेथे खरे आहे. आपले नियम युरोपीय वळणाचे असल्यामुळे आपल्याकडे ते कारण क्वचितच लागू पडते. झाकण घट्ट करून पाहण्यास काही पडत नाही, इतकेच.

किनाऱ्यावर कारणे निराळी असतात. खाऱ्या दमट हवेने तारांच्या जोडण्यांवर गंज चढतो आणि संवेदक शाबूत असूनही त्याचा संदेश संगणकापर्यंत नीट पोहोचत नाही. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर तारा कुरतडतात. दिवा लागताच महाग संवेदक बदलण्यापूर्वी ही जोडणी उघडून पाहावी. मुसळधार पावसाचे पाणी प्लगच्या कॉईलपर्यंत झिरपले तरी गाडी मिसिंग मारते. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी पकडणारी गाळणी असते. शाळा ते घर, घर ते बाजार अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही आणि काजळी साठत जाते. गाळणीचा वेगळा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालविल्यास काजळी बहुधा जळून जाते. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत याची रीत दिलेली असते.

पुराचे पाणी गाडीत शिरले असेल तर चावीला हातच लावू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी सुरू करू पाहिल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही व आतील दांडे वाकतात. सुदैवाने चालू झालेल्या गाडीतही जोडण्यांत राहिलेला ओलावा महिन्या-दोन महिन्यांनी हाच पिवळा दिवा घेऊन येतो.

तपासणी कशी करून घ्यावी

स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे एक खाचेदार तोंड असते. त्यास स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक वाचता येतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील मिसिंग, ‘पी ०४२०’ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची घटलेली कार्यक्षमता. परंतु क्रमांक हे निदान नव्हे. ‘पी ०१७१’ हा क्रमांक मिश्रणात हवा जास्त असल्याचे सांगतो. ती फाटक्या नळीतून येते, की पेट्रोलच कमी पडते आहे, हे मिस्त्रीनेच शोधावयाचे असते. क्रमांक कागदावर लिहून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे व तो त्याने बजवावा.

काही वर्षांपूर्वी शृंगारतळीच्या अलीकडे लेखकाच्या गाडीचा दिवा लागला. वाटेवरील एका गॅरेजमध्ये बॅटरीची तार काढून पुन्हा जोडण्यात आली, दिवा गेला, पैसे दिले गेले. तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला आणि नोंदलेला जुना क्रमांकही तोवर पुसला गेल्यामुळे शोध पहिल्यापासून करावा लागला. दोष खरोखर दूर झाला असेल तर संगणक पुढील काही फेऱ्यांत स्वतःच दिवा विझवितो. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सारे ठीक, असेही समजू नये. पेट्रोल गाडीची ती चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते, आणि चढावर दिसणारा दोष तीत उमटेलच असे नाही.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीसारख्या सामायिक वाहनास एकाहून अधिक चालक असतात. दिवा कालपासून आहे की महिन्यापासून, हे तेथे कोणासच ठाऊक नसते. वाहनाच्या नोंदवहीत दिवा लागल्याची तारीख, तो स्थिर होता की लुकलुकत होता, त्यावेळी पाऊस, चढ किंवा जादा भार होता काय, आणि नुकतेच इंधन कोठे भरले होते, एवढे लिहून ठेवावे. चिपळूणला गाडी नेताना ती वही बरोबर द्यावी.