घरांतील यंत्रांचा कारभारी

हल्लीं पुष्कळ घरांतून टेबलावर चार-पांच रिमोट ओळीनें पडलेले दिसतात : टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, एसीचा तिसरा, आणि अलीकडे छताच्या पंख्याचाही. ह्या सर्वांचें काम एकटी करील अशी, तळहातावर मावणारी एक डबी बाजारांत मिळते. तिला हब म्हणतात. आपण मोबाइलवरून किंवा तोंडानें सांगावें, हबानें तें वाय-फायवरून ऐकावें आणि त्या त्या यंत्राला त्याच्या भाषेंत कळवावें, असा हा व्यवहार आहे. हा कारभारी कितपत विश्वासाचा, हें ठरवावयाचें असेल तर तो बोलतो कसा हें प्रथम पाहिलें पाहिजे.

१९५५ सालीं अमेरिकेंतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यानें प्रकाशझोतानें टीव्ही चालविण्याची युक्ति काढली. पण खिडकींतून ऊन आलें कीं संच आपोआप चालूं-बंद होई. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट ॲडलर यानें कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीची योजना केली, आणि ती बरीच वर्षें टिकली. आजचे बहुतेक रिमोट मात्र अवरक्त किरणांनीं बोलतात. हे किरण १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्याच्या वर्णपटांत तांबड्या रंगाच्या पलीकडे उष्णतामापक ठेवून शोधले. रिमोटच्या किरणांची तरंगलांबी साधारणपणें ९४० नॅनोमीटर असते, आणि आपली दृष्टि ७०० च्या पुढें फारशी चालत नाहीं. परंतु मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतांना बहुधा दिसेल. हा प्रयोग घरीं अवश्य करावा.

त्या ठिपक्यांत तारायंत्रासारखी एक भाषा दडलेली आहे. प्रकाश सेकंदाला सुमारें ३८,००० वेळां चमकतो, म्हणून ऊन किंवा दिवा यांच्या उजेडांतून यंत्र त्याला निवडून काढतें आणि पॉलीची अडचण राहत नाहीं. एनईसी ह्या जपानी कंपनीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींत आधीं ९ मिलिसेकंदांची लांब चमक, मग ४.५ मिलिसेकंदांचा विराम, आणि त्यानंतर शून्य व एक यांनीं बनलेले ३२ अंक येतात. पहिले ८ अंक यंत्राचा पत्ता, पुढचे ८ त्याच पत्त्याचे उलट अंक. मग ८ हुकमाचे आणि ८ त्याच्या उलट. उलट अंक जुळले नाहींत तर ऐकणारें यंत्र तो संदेश टाकून देतें. पुष्कळ हबांना जुन्या रिमोटची चमक टिपून घेतां येते, व पुढें ते ती जशीच्या तशी वठवितात. ह्यांत जादू मुळींच नाहीं, पोपटपंची आहे.

आतां मुख्य गोष्ट. टाकून दिलेल्या संदेशाची वार्ता रिमोटला कोणी कळवीत नाहीं. यंत्राला कान आहे, तोंड नाहीं. रिमोट हातांत धरणाऱ्या मनुष्याचें ह्यानें अडत नाहीं, कारण टीव्ही लागला नाहीं हें त्याला दिसतें व तो पुन्हां बटण दाबतो. शुभवर्तमानांतील शताधिपतीला आपली आज्ञा पाळली जाते हें ठाऊक होतें. हबाला आज्ञा दिली एवढेंच ठाऊक असतें. टीव्ही चालूं करण्याचें व बंद करण्याचें बटण बहुधा एकच. कोणीं संच हातानें आधींच लावलेला असला, तर हबाची 'टीव्ही लाव' ही आज्ञा तो बंद करते.

एसीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्याचा रिमोट बहुधा नुसतें 'एक अंश वाढव' असें सांगत नाहीं. तपमान, पंख्याचा वेग, सर्व कांहीं प्रत्येक वेळीं नव्यानें सांगतो. समजा, रात्रीं हबावरून २६ अंश ठेवले, पण उशाशीं पडलेल्या रिमोटच्या पडद्यावर दुपारचे १८ च राहिले. पहाटे थंडी वाजून कोणीं त्यावर 'वाढव' दाबलें, तर एसी २७ वर न जातां १९ वर येतो!

सुदृढ माणसाला ही गंमत वाटेल. पण हबाची खरी गरज ज्यांना आहे त्यांचा विचार करा : अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेले आजोबा, हाताला कंप असलेली आजी, दृष्टि गेलेला मनुष्य. कोणास हाक न मारतां स्वतः पंखा लावतां येणें हें त्यांना केवढें स्वातंत्र्य वाटत असेल! अशा आजोबांच्या खोलींत मे महिन्याच्या दुपारीं एसी लागलाच नाहीं, आणि परगांवीं असलेल्या मुलाच्या मोबाइलवर मात्र 'चालूं' ही खूण दिसत राहिली, तर ती खूण जिवावर बेतूं शकते.

उपाय आहेत. लॉजिटेक कंपनीच्या हार्मनी रिमोटवर मदतीचें एक बटण असे. तें दाबलें कीं अमुक यंत्र लागलें का, असें तो मनुष्यालाच विचारी. ही युक्ति मला फार आवडते. कित्येक टीव्हींना 'चालूं' व 'बंद' यांचे वेगळे हुकूम समजतात, जरी हातांतल्या रिमोटवर तशीं बटणें नसतात. ते हबांत घालतां येतात. आजोबांच्या खोलींत हबाशीं जोडलेला तपमापक ठेवावा. म्हणजे मुलाला त्या खुणेकडे न पाहतां पारा उतरला कीं नाहीं हें पाहतां येईल.

आणखी एक अडचण कारभाऱ्याच्या धन्याची. कित्येक हब दूरच्या कंपनीच्या संगणकाला विचारल्यावांचून हलत नाहींत. अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाचा सुमारें ३०० डॉलर किंमतीचा हब होता; मे २०१६ मध्यें त्याची सेवा बंद झाली आणि धडधाकट डब्या निरुपयोगी झाल्या. हार्मनीचें उत्पादन थांबविल्याचेंही २०२१ सालीं जाहीर झालें, मात्र विकलेल्या रिमोटांची सेवा चालूं ठेवण्याचें कंपनीनें कबूल केलें. म्हणून हब घेतांना दुकानदाराला एवढेंच म्हणावें : इंटरनेट तोडून, केवळ वाय-फायवर, एक पंखा चालवून दाखवा.

आणि जुने रिमोट फेंकूं नयेत. प्रत्येकावर यंत्राचें नांव लिहून ते एका डब्यांत हाताशीं ठेवावेत. सेल मात्र काढून त्याच डब्यांत निराळे कागदांत गुंडाळावेत, कारण आंत पडून राहिलेले सेल पाझरतात व रिमोटच्या धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतात.