बोहारणीचं पातेलं आणि जॅमचा डबा

कोल्हापूर,
अक्षय्य तृतीया

चि. छोटीस,


हापूसला साका झाला असेल तर वरून कळत नाही. साल पिवळीधमक, वास घरभर, आणि सुरी फिरवली की आत पांढरट, बेचव गर. तुझं पत्र तसंच निघालं. पहिली दोन पानं आनंदाची. देवगडच्या बागेतून पेट्या आणल्या, मागच्या खोलीत पेंढा पसरून अढी घातली, सोसायटीत आणि ऑफिसात माल खपला, टेम्पोचं भाडं आणि नासके आंबे वजा जाता चार पैसे उरले. तिसऱ्या पानावर साका. जेवताना मोठ्या काकांनी विचारलं, “उरले ते पैसे कोणाचे गं? बागवाल्याला कमी दिलेस, की गिऱ्हाइकाला जास्त लावलेस?” भरल्या ताटावर तुला उत्तर सुचलं नाही, आणि आता म्हणतेस की पुढच्या वर्षी हा उद्योग नको.

काकांचा हिशेब पत्त्यांच्या डावाला चोख लागू पडतो. तीनपत्तीला बसताना सगळ्यांच्या खिशांत मिळून जेवढे पैसे असतात, तेवढेच उठताना असतात. फक्त खिसे बदललेले. बाजाराचंही तसंच आहे का, हे पाहायला तुझ्या आजीच्या ओसरीवर जायला हवं.

दुपारची जेवणं आटोपली की भांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बोहारीण यायची. आजी ट्रंकेतून दोन विरलेली लुगडी, एखादी जरीची साडी आणि आजोबांचा कोपरावर फाटलेला कोट काढायची. मग तासभर घासाघीस. “जर काळी पडलीय, बाई.” “पडू दे, काठ बघ की!” “आणखी एक पँट टाका, मग हे पातेलं घ्या.” शेवटी कपडे बोचक्यात जायचे आणि स्टीलचं पातेलं ओट्यावर. बोहारणीची पाठ वळताच आजी म्हणायची, “फसवलं मेलीनं!” आणि त्याच पातेल्यात पुढची बारा वर्षं दूध तापवायची.

बोहारीणही कोपऱ्यावर वळल्यावर असंच काही पुटपुटत असणार. पण दोघी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ओसरीवर समोरासमोर बसायच्या. आजीच्या लेखी त्या लुगड्यांची किंमत पोतेऱ्याएवढी होती. बोहारणीच्या पाठीशी ती धुणारे, रफू करणारे, जुन्या बाजारात मांडून विकणारे हात होते. उलट पातेली तिच्या टोपलीत चळतीनं होती आणि आजीच्या घरात दुधाला धड भांडं नव्हतं. त्या तासाभरात नवा धागा विणला गेला नाही की नवा पत्रा ठोकला गेला नाही. तरी उठताना दोघींकडे बसतानापेक्षा जास्त होतं. हे जास्तीचं आलं कुठून?

याचं उत्तर एका युद्धकैद्यानं फार स्वच्छ लिहून ठेवलं आहे. आर. ए. रॅडफर्ड केंब्रिजचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, १९४२ मध्ये लिबियात पकडला गेला, आधी इटलीतल्या आणि मग जर्मनीतल्या छावणीत त्यानं दिवस काढले. सुटल्यावर, १९४५ मध्येच, ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात त्यानं छावणीतल्या बाजारावर लेख लिहिला. तो आजही अर्थशास्त्राच्या वर्गात वाचला जातो.

छावणीत कारखाना नव्हता, शेत नव्हतं. रेड क्रॉसची पार्सलं यायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ सारखंच पडायचं: डबाबंद दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, डबाबंद गोमांस, चॉकलेट, साखर, सिगारेटी. इतकी समान वाटणी सरकारांनाही क्वचितच साधते. तरीही पार्सल फुटताच अदलाबदल सुरू व्हायची. सिगारेट न ओढणारा आपला वाटा ओढणाऱ्या मित्राला देऊन चॉकलेट घ्यायचा. आणि आपल्याकडचे शीख सैनिक होते. गोमांसाचा डबा त्यांच्या काही कामाचा नव्हता. पहिल्या दिवसांत तो देऊन ते समोरचा जे देईल ते खाणं घेत. आठवड्या-दोन आठवड्यांत भावाचा अंदाज आला, तसे तेच शीख जॅम आणि मार्गारीनवर अडून बसू लागले. गाजराच्या फोडींच्या डब्याला मात्र कोणी कुत्रं विचारत नव्हतं.

छोटे, इथे जरा थांब. छावणीत आलेल्या डब्यांची संख्या अदलाबदलीनं एकानंही वाढली नाही. तरी शिखाच्या हातात टाकाऊ डब्याऐवजी जॅम आला आणि समोरच्या इंग्रज शिपायाला आवडीचं मांस जास्त मिळालं. वस्तू तेवढ्याच राहिल्या, पण ज्याला जी हवी त्याच्याकडे ती गेली. वाढ झाली ती या जागा बदलण्यात. माणसांच्या आवडी, गरजा, श्रद्धा एकसारख्या असत्या, तर तिथे एकही सौदा झाला नसता.

आता काकांच्या प्रश्नाचा खरा काटा. तो बागवाल्याबद्दल नाही, गिऱ्हाइकाबद्दलही नाही. तो मधल्या माणसाबद्दल आहे, म्हणजे तुझ्याबद्दल.

छावणीतही मधले लोक होते. एका पाद्र्याची गोष्ट रॅडफर्डनं नोंदवली आहे. तो चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीत फेरी मारायला निघाला आणि परतला तेव्हा चीज आणि सिगारेटी होत्या तशाच, शिवाय हातात एक अख्खं पार्सल! एका बराकीतला भाव दुसऱ्या बराकीला ठाऊक नव्हता, त्या फटीतून त्यानं पार्सल काढलं. आणखी एकाला उर्दू येत होतं. तो शिखांकडून मांस घ्यायचा आणि त्यांना लोणी-जॅम विकायचा. त्याचं भांडवल काय, तर भाषा. पुढे त्याचं बघून इतरही त्या धंद्यात उतरले आणि हिंदी सैनिकांच्या भागातले भाव बाकी छावणीच्या जवळ आले. म्हणजे इतरांनी त्याचं पाहिलं, त्यातूनच त्या माणसाचा फायदा रोडावत गेला, आणि जे त्याच्या हातून सुटलं ते शिखांच्या आणि इंग्रजांच्या पदरात पडलं.

छावणीत या मधल्या लोकांबद्दल चांगलं बोलणारा विरळा. घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून देण्यात पायपीट असते, हे कोणी धरत नव्हतं. नफा म्हणजे लबाडी, असंच बहुतेकांचं मत होतं. काका त्या बराकीत शोभले असते. पण देवगडच्या बागवाल्यानं पुण्यात तुझ्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दोन डझन आंबे कसे पोचवायचे? आजींनी देवगडला कसं जायचं? पेटी कुठली चांगली, अढीतलं कुठलं फळ आज काढायचं, कुठलं परवा, हे रात्री उठून कोण बघणार? बागवाल्याला वाशीच्या दलालाची वाट मोकळी होती, तरी त्यानं तुला माल दिला; त्या अर्थी तुझा भाव त्याला तिथल्या पट्टीपेक्षा बरा वाटला. आजींना खालच्या गाडीवर आंबे मिळत होते, तरी त्यांनी तुझ्याकडून घेतले. या दोन पसंतींच्या मधल्या जागेत तुझे चार पैसे बसले आहेत. ते कोणाच्या ताटातून उचललेले नाहीत.

ही नुसती छावणीतली गंमत नाही. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर हे मोजून दाखवलं गेलं आहे. तिथले कोळी तारली पकडून पहाटे आपल्या नेहमीच्या बंदरावर यायचे. मासा टिकत नाही, बाजार तीन तासांत आटोपतो, डिझेल महाग. एका बंदरावर गिऱ्हाईक नसलं तर दुसरीकडे जाऊन बघण्याची सोय नसे. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा इथे अकरा कोळ्यांना घेणारा भेटला नाही आणि त्यांनी मासळी फेकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बाजारांत सत्तावीस गिऱ्हाइकं मासळीवाचून खोळंबली होती.

त्याच सुमारास कोळिकोडपासून कासरगोडपर्यंत मोबाइलचे मनोरे उभे राहू लागले. समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत रेंज मिळे. कोळी जाळं ओढता ओढता दोन-चार बंदरांवर फोन लावून भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं पंधरा बाजारांचे भाव वर्षानुवर्षं टिपले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. आधी पाच ते आठ टक्के मासळी वाया जायची, ते जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सरासरी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. विकणाऱ्याला जास्त आणि घेणाऱ्याला कमी, एकाच वेळी. काकांच्या खिशाच्या हिशेबात हे बसतच नाही, कारण त्या हिशेबात वाळूवर फेकलेल्या मासळीला रकाना नाही.

पण काकांना सगळंच मोडीत काढू नकोस. त्यांच्या शंकेला एक खरी बाजू आहे. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट दोन अटींवर उभी आहे: समोरच्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि तो कशाला ‘हो’ म्हणतो आहे हे त्याला माहीत पाहिजे.

बिहारमधल्या चंपारणात निळीचे व्यवहारही व्यवहारच म्हणवले जात. गोरे मळेवाले कुळांना पैसेही देत. पण ‘तीनकठिया’ नावाच्या पद्धतीप्रमाणे दर बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत कुळानं नीळ लावलीच पाहिजे, असा दंडक होता. ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले, कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९१८ च्या कायद्यानं ती पद्धत गेली. असल्या व्यवहारात एकाचं वाढतं ते दुसऱ्याचं ओरबाडूनच.

या अटी पाळल्या तरी कधी सौदा बिघडतो. छावणीत एक वेळ अशी आली. काही अट्टल सिगारेटवाल्यांनी धुरापायी पोटाचं अन्न विकलं आणि कुपोषणानं ते आजारी पडले. त्यांचा भार छावणीच्या दवाखान्यातल्या तुटपुंज्या शिध्यावर पडू लागला, तेव्हा जर्मनांकडून मिळणाऱ्या शिध्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. त्यांचा ‘हो’ त्यांचाच होता. पण त्याची किंमत सौद्यात नसलेल्या माणसांनी मोजली. म्हणून सौदा झाला म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असंही आंधळेपणानं समजायचं नाही.

तुझ्या धंद्यातला दगाफटका आणखी जवळचा आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या मिळून नावानं. तरी दर मोसमात परप्रांतातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत भरून विकला जातो. खाणाऱ्याला तो गोडही लागेल. पण त्यानं पैसे मोजले ते देवगडच्या फळाचे. काकांचा प्रश्न त्या पेटीवाल्याला विचार, तिथे तो अचूक लागतो.

तेव्हा धंदा सोडू नकोस; पुढच्या वर्षी तो जरा निराळा कर. बागवाल्याला वाशीचा त्या दिवशीचा भाव तूच सांग आणि मग तुझा सांग. त्यानं दलालाकडे माल पाठवायचं ठरवलं तर हसून परत ये. त्याला आगाऊ रक्कम दिलीस तर ती मोसमाच्या अटीवर दे, पुढल्या दहा वर्षांच्या बागेवर नको. पेटीवर बागेचं गाव लिही, आंबा कधी उतरवला ते लिही, आणि साका निघालेलं फळ बदलून दे, न कुरकुरता. यात तुझा नफा थोडा कमी दिसेल. पाद्र्याची एक फेरी फळली. पण पुढे सगळ्यांना भाव कळले आणि तसलं पार्सल मिळायची फट बुजली. बोहारीण मात्र वर्षानुवर्षं त्याच ओसरीवर येत राहिली.

आणि काकांना या वेळी पेटी भेट पाठवू नकोस. त्यांच्या दारात ठेव, भाव सांग, आणि नको असल्यास परत नेते म्हणून सांग. ते डोळे बारीक करतील, एक आंबा उचलून देठाशी वास घेतील, गाडीवर किती स्वस्त मिळतो ते ऐकवतील. तू गप्प उभी राहा. त्यांनी पाकीट काढलं तर मोड मोजून परत दे. नाहीच काढलं, तर ती पेटी रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरला पाठव. आत्याला तुझा भाव मान्य आहे, मात्र गेल्या खेपेचे दोन नासके आंबे ती त्यातून कापून घेणार आहे.

तुझी,
आत्या