तुटलेला कोयता काय सांगतो?



तोडीच्या हंगामात फडावर एक वाक्य हमखास कानी पडते. "लोहारानं पाणी जास्त दिलं, म्हणून कोयता तुटला." हे वाक्य बोलले की विषय संपतो. तुकडा बांधावर फेकला जातो, तोडकरी गाव गाठतो आणि दुसरा कोयता आणेपर्यंत त्या जोडीचा दिवस वाया जातो. सभासद म्हणतो, कोयता त्यांचा, नुकसान त्यांचे, आपल्याला काय करायचे? आपल्याला नेमके काय करायचे आहे, तेच या लेखात सांगणार आहे.

मागे एका हंगामात एका फडात मी उभा असताना बुडाशी घाव घालताच कोयत्याचे पाते मुठीपासून सुटले आणि मोळी बांधणाऱ्या बाईपासून दोन हातांवर पाचटात जाऊन रुतले. ती बाई वाकलेली होती म्हणून वाचली. मुकादम लगेच म्हणाला, "साहेब, पाणी जास्त झालं." मी तुकडा उचलून पाहिला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजून काळा पडलेला आणि निम्मा चकचकीत होता. म्हणजे कोयता त्या दिवशी तुटलाच नव्हता. तो कित्येक दिवस आतून चिरत आला होता, त्या दिवशी फक्त सुटला. पाण्याचा दोष नव्हता आणि पाते बघितले असते तर हे आधी कळलेही असते.

कोयत्यावर घाव किती पडतात?

साधा हिशेब करू. एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर दोन टनांत १६०० ऊस झाले. प्रत्येक उसाला निदान दोन घाव, एक बुडाशी आणि एक वाढ्याला. म्हणजे दिवसाला ३२०० घाव. हंगाम १०० दिवसांचा धरला तरी तीन लाखांवर घाव होतात. एका घावाने चांगला कोयता तुटत नाही. पण जिथे लहानशी चीर किंवा खाच असते, तिथे प्रत्येक घाव ती केसभर पुढे नेतो. तार वाकवून वाकवून तोडतो तसेच हे आहे.

पोलाद कोणते?

लोखंडात कर्ब किती, यावर सगळा खेळ आहे. बाजारातल्या साध्या लोखंडी पट्टीत कर्ब पाव टक्क्याच्या आत असतो. ती तापवून कितीही बुडवली तरी कडक होत नाही; कोयता तुटत नाही, पण धार दुपारपर्यंतही टिकत नाही. कानशीत कर्ब एक टक्क्याच्या वर असतो. तिची धार उत्तम, पण दगड लागला की काचेसारखी कडकते. या दोन्हींच्या मधले पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. त्यात कर्ब अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत असतो. धारही धरतो आणि घावही सोसतो. म्हणून आपल्याकडे चांगला कोयता बहुधा पाट्याचाच असतो.

मात्र पाटा जुना असेल तर एक धोका आहे. ट्रकखाली वर्षानुवर्षे वाकून त्यात आधीच बारीक चिरा गेलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. तो भाग कोयत्याच्या मानेत आला, तर कोयता जन्मतःच अधू. लोहाराला सांगा, भोकाजवळचा तुकडा टाकून दे.

'पाणी देणे' म्हणजे काय?

पाटा लाल तापवून एकदम थंड केला की तो अतिशय कडक होतो. पण तेवढ्यावर थांबले तर तो ठिसूळही राहतो. म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब देऊन कडकपणा उतरवावा लागतो. म्हणजे काम दोन पायऱ्यांचे आहे: आधी पाणी देणे, मग ते उतरवणे. 'पाणी जास्त झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दुसरी पायरी राहून गेलेली असते किंवा पहिल्या पायरीत पाते फाजील तापलेले असते.

किती तापवायचे, हे ओळखायला लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते. त्याच्या थोडे पुढे, चेरीच्या फळासारखा लाल रंग आला की पुरे. हा रंग सावलीतच नीट दिसतो, भर उन्हात दिसत नाही, आणि मग लोहार जास्त तापवतो. पाते पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर तो भाग जळाला. तो कापून टाकण्यावाचून उपाय नाही.

पाट्याचे पोलाद गार पाण्यात एकदम बुडवले तर तडकण्याचा संभव असतो. तेल कोमट करून त्यात बुडवणे अधिक सुरक्षित. मग धार घासून उजळ करायची आणि पाठीच्या बाजूने हळूहळू ऊब द्यायची. धारेवर रंग धावत येतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. धारेवर तपकिरी संपून जांभळा दिसू लागला की थांबायचे. पाठ निळी झाली तर चालते. तिने कापायचे नसते, धक्का सोसायचा असतो.

तुटलेले तोंड वाचा

आजारी उसाचे कांडे उभे चिरून आपण रोग ओळखतो ना? तसेच तुटलेल्या पात्याचे तोंड उजेडात धरून बघा.

१) दाणा बारीक, राखाडी आणि रेशमासारखा असेल तर पोलाद व पाणी दोन्ही ठीक. कोयता दगडावर तरी बसला, नाही तर घडणीत दोष आहे.

२) दाणा मोठा, चमचमणारा, साखरेच्या दाण्यासारखा दिसत असेल तर पाते फाजील तापले होते. साखर पोत्यात शोभते, कोयत्यात नाही!

३) एक भाग काळा किंवा गंजका आणि बाकीचा उजळ असेल तर जुनी चीर होती. ती रोज वाढत होती, कोणी पाहिली नाही.

४) पाते तुटण्याऐवजी वाकले, धार दुमडली, तर लोखंड मऊ आहे किंवा पाणी बसलेच नाही.

हे वाचता आले की दोष कुणाचा, यावर वाद घालायला नको. लोहारालाही तुकडा दाखवा. चांगला कारागीर त्यावरून पुढचा कोयता सुधारतो.

घडणीतले दोष

कोयता सर्वात जास्त तुटतो तो मानेशी, जिथे पाते संपते आणि मुठीत जाणारी शेपटी सुरू होते. तिथे काटकोनी खाच असली की घावाचा सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. तो कोपरा गोल, घाटदार वळवून घ्यावा. शेपटीला पाणी देऊ नये, ती मऊच हवी. रिवेटचे भोक पाडले असेल तर त्याच्या कडा कानशीने साफ कराव्यात. तुटलेल्या कोयत्याला वेल्डिंग करून पुन्हा फडात आणणे तर सर्वात वाईट. सांध्याच्या शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि दुसऱ्यांदा पाते कुठे उडेल याचा नेम नाही.

मूठ वाळलेल्या लाकडाची हवी. ओल्या लाकडाची मूठ उन्हात आकसते आणि पाते हलू लागते. हलणारा कोयता कपड्याची चिंधी कोंबून वापरू नका. पाचर नीट ठोका किंवा मूठ बदला.

विकत घेताना चार परीक्षा

पहिली, आवाज. पाते दोरीला टांगून बारीक हातोडीने टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा नाद आला तर बरे; बद्द आवाज आला तर चीर असण्याचा संशय घ्या.

दुसरी, कानस. धारेवर नवी कानस चालवा. ती काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर पाते फार कडक, लोण्यासारखी रुतली तर मऊ. थोडी धरून थोडी कापली तर योग्य.

तिसरी, वाक. टोक फळीच्या फटीत घालून बेताने वाकवा, तोंड बाजूला ठेवून. सोडल्यावर सरळ झाले पाहिजे.

चौथी, डिझेल आणि खडू. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत, आता डिझेल चालते. मानेशी डिझेल लावून थोडा वेळ थांबा, कोरडे पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ही परीक्षा नव्या कोयत्यापुरती ठेवू नका. आठवड्याला एकदा करावी. मी सांगितलेला तो कोयता या एका परीक्षेत सापडला असता.

धार आणि रोजची निगा

गिरमिटासारखी फिरणारी सहाण दिसली की पाते जोरात दाबायची सवय असते. धार निळी पडली की दिलेले पाणी उतरले, तेवढा भाग मऊ झाला. म्हणून हलक्या हाताने, मधूनमधून पाण्यात बुडवून धार लावावी. धार वस्तऱ्यासारखी पातळ नको. तिच्यामागे थोडी जाडी राहू द्या, म्हणजे खडा लागला तरी कपची उडत नाही. खाच पडलीच तर ती घासून सपाट करा. चीर तिथूनच सुरू होते.

उसाचा रस आंबट असतो. रात्रभर पात्यावर राहिला की सकाळी गंज दिसतो आणि गंजाच्या खळगीतूनही चीर निघते. संध्याकाळी पाते धुऊन, पुसून तेलाचे बोट फिरवायचे. दोन मिनिटांचे काम आहे.

आता सभासदाचा हिशेब

बोथट किंवा भरवशाचा नसलेला कोयता हातात असला की तोडकरी जमिनीलगत घाव घालत नाही. दगड लागेल, कोयता तुटेल, दिवस बुडेल ही भीती असते. तो दोन इंच वरून तोडतो. आपण त्याच्यावर ओरडतो. पण भीती खरी आहे, आणि दगड आपल्या रानातला आहे!

त्या दोन इंचांची किंमत बघा. सव्वा किलोचा, सात फुटी ऊस म्हणजे इंचाला सुमारे १५ ग्रॅम. एकरी ४०,००० ऊस धरले तर एक इंच बुडखा म्हणजे ६०० किलो. दोन इंच म्हणजे १२०० किलो. सव्वा टनाच्या आसपास ऊस एकरी रानात राहिला, आणि तोही बुडाचा, सर्वात जास्त साखरेचा. त्याचा भाव ज्याने त्याने मांडावा. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्यावरचे डोळे वरच फुटतात, त्या कोंबांची मुळे वरवर राहतात, आणि खोडवा कमजोर होतो. बोथट घावाने बुडखा फाटतो, फाटलेल्या जागी बुरशी शिरते. तोडलेल्या उसाची टोके चिंधाळली की त्यात जंतू लवकर घुसतात आणि उतारा घटतो.

बेणे तोडताना आणखी एक खबरदारी. खोडवा खुजा राहण्याचा रोग कोयत्यावरून एका उसाचा दुसऱ्या उसाला लागतो. बेण्याच्या प्लॉटमध्ये कोयता मधूनमधून जंतुनाशकात बुडवून घ्यावा.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे:

१) तोडीआधी सरीतले दगड, विटांचे तुकडे, तारा वेचून काढाव्यात.

२) तोड सुरू होईल त्या दिवशी बांधावर पाण्याची बादली, एक कानस, सहाणेचा दगड आणि थोडे तेल ठेवावे. खर्च नगण्य आहे.

३) घाव घालणाऱ्याच्या समोर व बाजूला दोन-तीन हातांत कोणी उभे राहू नये. मुलांना फडात फिरकू देऊ नये. मोळी बांधणारी बाई मागे राहील असे बघावे.

४) जखम झाल्यास हळद, माती, चुना भरू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, कापडाने दाबून धरून दवाखान्यात न्यावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

५) चिरलेला कोयता दिसला तर "आजचा दिवस काढ" असे म्हणू नये. घरातला एखादा जादा कोयता द्यावा.

गळीत सुरू होण्याआधी गट ऑफिसजवळ एखाद्या जाणत्या लोहाराची भट्टी लावावी आणि टोळ्यांचे कोयते तिथे तपासून, पाजवून घ्यावेत, अशी सूचना मी मांडली आहे. सभासदांनी आपापल्या गटात हा विषय काढला तर तिला जोर येईल.

आता यंत्राने तोड होऊ लागली आहे हे खरे. पण अरुंद सरीत, लहान तुकड्यात आणि वाट नसलेल्या रानात अजून कोयताच जातो. आपल्या भागात 'एक कोयता' म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. टोळी मोजताना आपण माणसे म्हणत नाही, कोयते म्हणतो. मग कोयता तुटला, असे ऐकल्यावर नुसते पाते तुटले असे समजू नये. त्या पात्यामागे दोन माणसे उभी आहेत आणि त्यांच्या घावाखाली आपला पुढचा खोडवा आहे.

पुढच्या वेळी तुटलेला तुकडा बांधावर फेकू नका. उचला, उजेडात धरा आणि वाचा.

— ऊस विकास अधिकारी