कढीपत्त्यावरच्या अळीला औषध नको

कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली की बहुतेकांचा हात थेट कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. घरच्या बागेत तो जाऊ नये, असं मी अनुभवाने सांगते. आधी अळी नीट पाहा. लहानपणी ती तपकिरी-पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. वाढली की हिरवीगार होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून लालसर दुबेळकं काढून उग्र वास सोडते. लिंबू-कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांची ही अळी. मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते, अळी दोनेक आठवडे खाते आणि मग कोषात जाते. कोषात गेली की खाणं संपलं. बऱ्याच अळ्या तर तिथवर पोचतही नाहीत, कारण पक्षी आणि गांधीलमाश्या त्या वेचतात, बारीक परजीवी माश्या त्यांच्या अंगात अंडी घालतात. फवाऱ्याने मरतात ते हे राखणदारसुद्धा, आणि मग पिठ्या ढेकूण, खवले कीड यांना रान मोकळं मिळतं.

झाड मरेल त्याचं काय, असं कोणी विचारेल. मुळं धरलेलं झाड मरत नाही. स्वयंपाकासाठी आपण त्याच्या डहाळ्या सतत खुडतोच, आणि त्याने फूट वाढतेच. रोपाची गोष्ट मात्र वेगळी. चार-दोन फांद्यांचं रोप एकदोन अळ्याही निष्पर्ण करू शकतात. तिथे त्या हाताने उचलून मोठ्या लिंबावर सोडाव्यात. त्यांच्या अंगावर खाजरे केस नसतात. शेवग्याच्या खोडावर घोळक्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नका, त्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं. निंबोळी अर्क तरी मारावा ना, हा पुढचा प्रश्न. तो सौम्य खरा, पण अळी कोणत्या फुलपाखराची हे तोही पाहत नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या नीलवंताच्या, म्हणजे ब्लू मॉरमॉनच्या, अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात.

माझा सर्वांत मोठा आक्षेप खाण्यासंबंधी आहे. कढीपत्ता आपण झाडावरून तोडून थेट फोडणीत टाकतो. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरतं, ते नळाखाली धुऊन जात नाही. फवारणी झालीच असेल, तर बाटलीवर काढणीपूर्व कालावधी वाचा. त्या लेबलावर कढीपत्त्याचं नावच नसेल, तर ती पानं घरात आणू नका.