सडपातळपणाची आवड आणि स्थूलांविषयीची अढी

प्रश्न : मला सडपातळ राहणे आवडते; त्यासाठी रोज फिरते, गोड टाळते. माझ्या वन्सं स्थूल आहेत. ‘तुला जाड माणसांचा तिटकारा आहे,’ असे त्या म्हणतात. हे खरे का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : भगिनी, स्वतःच्या देहाविषयीची आवड हा पूर्वग्रह नव्हे, परंतु तीच आवड जेव्हा दुसऱ्याचे ताट, स्वभाव वा लग्नाचे स्थळ जोखण्याची कसोटी बनते, आणि स्थूल म्हणजे आळशी असा एकतर्फी निवाडा आपण देऊन मोकळे होतो, तेव्हा ती निःसंशय पूर्वग्रहातच जमा होते. १९७२चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या जिल्ह्यात भरलेले अंग खात्यापित्या घराचे लक्षण मानले जाई. तेव्हा ही अभिरुची काही सनातन नाही. (‘सडपातळ वधू पाहिजे’ या जाहिराती मला तुमच्या फिरण्याहून कितीतरी अधिक खटकतात.) स्थूलतेस आनुवंशिकता, थायरॉइडचे विकार व काही औषधेही कारणीभूत असतात. म्हणून वन्संपुढे वजनाचा विषय आपण होऊन काढू नये. स्वतःचे वजन त्यांच्यादेखत ‘वाढले, वाढले’ म्हणून कण्हणेही टाळावे, कारण तो वार त्यांनाच लागतो. आणि तुम्हांस एक ताकीद : देहभार निर्देशांक १८.५च्या खाली उतरला किंवा पाळी अनियमित झाली, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.