कप्तान विठ्ठल

भातझोडणी उरकली, की आपल्या टिटवाळ्याच्या खाचरांत पोरांचा क्रिकेटचा डाव मांडला जातो. ज्याच्या घरची बॅट, तो कप्तान! मग त्याला खेळता येवो की न येवो. पोरांचे हे चालायचेच. पण मोठी माणसे असे वागू लागली तर?

आज एका फलंदाजाची गोष्ट वाचू. बॅटने चेंडू मारून धावा काढतो तो फलंदाज. या फलंदाजाचे नाव विठ्ठल पालवणकर.

पालवणकर मंडळी मूळची कोकणातल्या पालवण गावची. जातीने चांभार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे चार भाऊ. चौघांनीही क्रिकेटमध्ये नाव कमावले.

थोरले बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात कामाला होते. मैदान झाडायचे, जाळ्या बांधायच्या. पगार महिना ४ रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते मोठे गोलंदाज झाले. मग हिंदूंच्या क्लबाला त्यांची गरज भासली. मैदानात सारे खेळाडू बाळूंनी टाकलेला चेंडू हातात घेत. पण चहाची वेळ झाली, की बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताटही वेगळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र विटाळ!

१९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. त्यात बाळू आणि शिवराम होते. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले.

त्या वेळी चौरंगी सामने होत असत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ. सामने पाहायला माणसांची रीघ लागे. धाकटे विठ्ठल हे हिंदू संघाचे भरवशाचे फलंदाज होते.

बाळू अनुभवाने सर्वांत मोठे. पण कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली पै नावाचे गृहस्थ कप्तान झाले. हा मान खरा माझे मित्र बाळू यांचा आहे, असे पै यांनी चारचौघांत बोलून दाखवले. असे मोकळ्या मनाचे लोकही होते.

१९२० साली पै आजारी पडले. आता तरी पालवणकरांपैकी कोणी कप्तान होईल, असे वाटले. पण झाले उलटेच. बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानपद दुसऱ्याला दिले. विठ्ठल आणि शिवराम यांनी भांडण केले नाही, शिवीगाळ केली नाही. त्यांनी खेळायचे नाकारले आणि आपले म्हणणे लिहून काढले. जातीमुळे आमचा अपमान होतो, असे त्यात स्पष्ट लिहिले. ते निवेदन छापून आले. लोकांनी वाचले. गावभर चर्चा झाली. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना परत बोलावले आणि उपकप्तान केले. मग दोघे भाऊही मैदानात उतरले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले. लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. खांदा देणाऱ्यांत उच्च म्हणवणाऱ्या जातींचे लोक होते. ज्याला शिवायचे नाही म्हणत, तोच आज त्यांच्या खांद्यावर!

पुढे मोठमोठे खेळाडू झाले आणि विठ्ठलांचे नाव मागे पडले. आज ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पण विठ्ठलांनी स्वतः लेखणी हाती घेतली होती. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे मराठी पुस्तक १९४८ साली निघाले. मैदानावरचा जयजयकार संध्याकाळी विरून जातो. लिहिलेले मात्र राहते.

तुम्हीही आता लिहू लागला आहात. हक्काची गोष्ट असेल, तर ती कागदावर उतरवा. आणि कोणाला पुढे करायचे असेल, तेव्हा बॅट कोणाची हे पाहू नका. हात कोणाचा चालतो ते पाहा.

शब्दांचे अर्थ
गोलंदाज – चेंडू टाकणारा
निवेदन – आपले म्हणणे सांगणारे लेखन
रीघ – माणसांची न थांबणारी ये-जा

उत्तरे लिहा
१. बाळूंना चहा कशात देत? का?
२. १९२० साली दोघा भावांनी काय केले?
३. १९११ पासून १९२३ पर्यंत किती वर्षे झाली?
४. आपल्या गावात 'ज्याची बॅट तो कप्तान' असे कोठे चालते? चार ओळी लिहा.