प्रतिकृतीतील झाडे आणि त्यांतील अंतर

त्रिमिती प्रतिकृती उभारण्यासाठी ‘ब्लेंडर’ ही संगणक प्रणाली जगभर वापरली जाते. २००२ पासून ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असल्याने शाळांनाही वापरता येते. पायथॉन भाषेत सूचना लिहून तिच्यात शेकडो वस्तू एकदम मांडता येतात.

एक हेक्टर चौरस माळाची प्रतिकृती करावयाची आहे, असे समजू. प्रत्येक झाडाचा घेर ५ मीटर व्यासाचा. झाडे रांगेत नकोत, रानातल्यासारखी विखुरलेली हवीत. मात्र एकाचा घेर दुसऱ्यात शिरू नये. दोन झाडे एकाच जागी उभी करण्यास ब्लेंडरची हरकत नसते! ही दक्षता सूचनांतच घ्यावी लागते. संगणकाने यादृच्छिक पद्धतीने एक बिंदू निवडावा, आधीच्या प्रत्येक झाडापासूनचे अंतर मोजावे आणि ते ५ मीटरपेक्षा कमी भरल्यास तो बिंदू सोडून दुसरा घ्यावा.

खरी अडचण पुढेच आहे. चौरस आखणीत येथे ४०० झाडे बसतात. यादृच्छिक मांडणीत सुमारे ५५ टक्क्यांहून अधिक जमीन व्यापली जात नाही. झाडे अडीचशे ते पावणेतीनशेच बसतात, कारण मधल्या फटी कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. तरीही ४०० चा आग्रह धरला, तर संगणक अखंड शोधत राहतो. (जागा न पाहता उद्दिष्ट ठरविले की असेच व्हायचे.) म्हणून लागोपाठ १,००० बिंदू नाकारले गेले की थांबावे, अशी सूचना आधीच घालावी. आरंभी एक ठराविक ‘बीज’ क्रमांक दिल्यास तीच मांडणी पुन्हा मिळते व दुसऱ्यालाही पडताळून पाहता येते.